बाबांच्या फोनला गुरुवारीच काय होतं

घरात दोन राऊटर लावले असतील किंवा लावायचा विचार असेल तर हे वाचा, कारण मला हा प्रकार कळायला जवळजवळ दोन महिने लागले आणि त्या दोन महिन्यांत मी बाबांना चार वेळा तरी सांगितलं की बाबा, तुमचा फोन जुना झालाय. फोनला काहीही झालं नव्हतं.

आमचं घर सहकारनगरला, आजोबांनी बांधलेलं, खाली-वर दोन मजले, नऊ इंची विटांच्या भिंती आणि मध्ये आरसीसीचा स्लॅब. फायबर येते खालच्या हॉलमध्ये टीव्हीशेजारी, नेटवाल्यांनी दिलेला राऊटर तिथेच. खाली रेंज उत्तम, जिना चढला की निम्मी, आणि वर मागच्या खोलीत जिथे बायको ऑफिसचं काम करते तिथे मीटिंगमध्ये समोरच्यांचे चेहरे थिजायचे. तिचं ऑफिस हिंजवडीला आहे, आठवड्यातून तीन दिवस घरून काम असतं, त्यामुळे हे तसंच चालू ठेवण्यासारखं नव्हतं. माळ्यावर एक जुना राऊटर पडून होता, चालू होता, म्हटलं नवीन काही विकत घेण्याआधी हा लावून बघू. तापकीर गल्लीत जाऊन वीस मीटर कॅट सिक्स केबल आणली, दोन्ही टोकांना जॅक तिथेच बसवून घेतले आणि रविवारी जिन्याच्या कडेकडेने क्लिपा ठोकत केबल वर नेली.

आता पत्त्यांचं सांगतो, कारण सगळा घोळ तिथे आहे.

राऊटरला स्वतःचा एक पत्ता असतो, आकड्यांचा, त्याला आयपी ॲड्रेस म्हणतात, बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. जिओफायबरच्या राऊटरला १९२.१६८.२९.१ असतो. हे पत्ते तुमच्या घरात, शेजाऱ्यांच्या घरात, कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये, सगळीकडे तेच असले तरी चालतात, कारण ते फक्त भिंतीच्या आतले आहेत, बाहेरच्या इंटरनेटवर ते कुणाला दिसत नाहीत. आयपीच्या जुन्या पद्धतीत एकूण पत्तेच सुमारे ४२९ कोटी, म्हणजे जगातल्या प्रत्येक फोनला, टीव्हीला, कॅमेऱ्याला एकेक वेगळा द्यायचा तर पुरणारच नाहीत. म्हणून १९९६ साली आरएफसी १९१८ नावाच्या, इंटरनेटचे नियम सांगणाऱ्या दस्तऐवजात तीन पट्टे घर-ऑफिसच्या आतल्या खासगी वापरासाठी पक्के करून ठेवले, १० ने सुरू होणारे सगळे, १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचे, आणि १९२.१६८ ने सुरू होणारे. या तिसऱ्या पट्ट्यातच ६५,५३६ पत्ते आहेत. तरी बहुतेक सगळे राऊटर बनवणारे त्यातला सुरुवातीचाच एक उचलतात, आणि म्हणून कुठलेही दोन राऊटर एकमेकांना जोडले की दोघांचा पत्ता एकच निघायची शक्यता भरपूर.

दुसरी गोष्ट म्हणजे राऊटर नुसता स्वतः पत्ता घेऊन बसत नाही, तो घरातल्या सगळ्यांना पत्ते वाटतो, त्या वाटपाला डीएचसीपी म्हणतात. फोन वायफायला जोडला की तो विचारतो, कुणी पत्ता देता का, राऊटर म्हणतो हा घे, फोन म्हणतो हाच घेतो, राऊटर म्हणतो ठीक, इतक्या तासांसाठी तुझा. दवाखान्यात कंपाऊंडर टोकन देतो ना, तसंच. आता त्याच दवाखान्यात दोन दारांवर दोन कंपाऊंडर बसवले आणि दोघांनीही एक नंबरपासून टोकनं फाडायला सुरुवात केली तर आत सात नंबर पुकारल्यावर दोन माणसं उभी राहणार. दोन राऊटर केबलने जोडून दोन्हींची डीएचसीपी चालू ठेवली की नेमकं हेच होतं, काही डिव्हाइस नीट चालतात, काही वायफायला जोडलेले दिसतात पण नेट नसतं, आणि कधी कुठलं अडकेल याला काही नियम नसतो.

हे मला माहीत होतं. म्हणून मी वरचा राऊटर आधी सुटाच लॅपटॉपला जोडला, त्याचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ केला, सेव्ह केलं, तो रिस्टार्ट झाला, नव्या पत्त्यावर परत लॉगिन करून डीएचसीपी बंद केली, आणि मग खालून आलेली केबल त्याच्या वॅनच्या (बाहेरचं नेट आत घ्यायच्या) नाही तर लॅनच्या (घरातल्या वस्तू जोडायच्या) पोर्टमध्ये घातली. वायफायचं नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे तोच ठेवला, खालचा चॅनेल १ वर आणि वरचा ११ वर, म्हणजे दोघांच्या लहरी एकमेकांत मिसळत नाहीत. वर मागच्या खोलीत फुल रेंज. बायको खूश, मीही खूश.

आणि मग बाबांची तक्रार सुरू झाली.

बाबा रिटायर्ड आहेत, दुपारी जेवण झालं की हॉलमध्ये खुर्चीत बसून नाशिकच्या आत्याला व्हिडिओ कॉल लावतात, हा त्यांचा रोजचा कार्यक्रम. म्हणायला लागले, अरे कॉल लागतो पण मधेच तिचा आवाज जातो, मेसेज पाठवला तर जातो पण तिकडून येत नाही, मग अर्ध्या तासाने दहा मेसेज एकदम येतात. मी बघायचो तर माझ्या फोनवर सगळं व्यवस्थित, बायकोच्या लॅपटॉपवर व्यवस्थित, आईच्या फोनवरही. मग मी खालचा राऊटर बंद करून चालू करायचो आणि बाबांचं नेट नीट व्हायचं, म्हणून माझी समजूत अशी झाली की राऊटर कधीकधी हँग होतो आणि बाबांचा जुना फोन ते सहन करत नाही. बाबांनी ऐकून घेतलं. पण त्यांना सवय आहे कॅलेंडरवर टिपायची, दूध किती, गॅस कधी आला, प्लंबर कधी येऊन गेला, तसं त्यांनी फोन बिघडला त्या दिवसांवर फुल्या मारायला सुरुवात केली होती, आणि एके दिवशी मला बोलावून कॅलेंडर दाखवलं. सात फुल्या होत्या. सहा गुरुवारी.

गुरुवार म्हटल्यावर पुण्यातल्या माणसाच्या डोक्यात एकच गोष्ट येते, दुरुस्तीसाठी लाईट जाते ती. आमच्याकडे इन्व्हर्टर पंखे आणि दिव्यांपुरता आहे, राऊटर त्यावर नाहीत. म्हणजे बिघाड लाईट गेल्याने नाही तर लाईट परत आल्यावर होत होता. सातवी फुली सोमवारची होती, बाबांनी आठवून सांगितलं की त्या दिवशी पावसात दुपारी लाईट गेली होती. आणि मधल्या एका गुरुवारी फुलीच नव्हती, त्या दिवशी बाबा बँकेत गेलेले, पण आईला आठवलं की त्याच संध्याकाळी टीव्हीवरचा सिनेमा सारखा गोल गोल फिरत अडकत होता.

पुढच्या गुरुवारी मी सुट्टीच टाकली. दोनच्या सुमारास लाईट आली, बाबांनी आत्याला फोन लावला आणि झालं, आवाज गेला. मी खाली लॅपटॉप घेऊन बसलो आणि आधी वरच्या राऊटरला, म्हणजे १९२.१६८.१.२ ला पिंग लावून ठेवलं, म्हणजे लॅपटॉप त्या पत्त्याला सारखी हाक मारतो आणि उत्तर किती वेळात आलं ते दाखवतो. उत्तरं येत होती, दोन-तीन मिलिसेकंदांत, केबलवरच्या वस्तूकडून यावीत तशी. मग बायकोला हाक मारली, वरच्या राऊटरचं बटण बंद कर गं. तिने बंद केलं. चार-पाच वेळा उत्तर आलं नाही. आणि मग परत उत्तरं यायला लागली! राऊटर बंद, बायको जिन्यात येऊन सांगतेय की केलाय बंद, दिवे गेलेत, आणि इकडे १९२.१६८.१.२ कडून उत्तर येतंय. फक्त आता दोन-तीन मिलिसेकंदांऐवजी कधी चाळीस, कधी सव्वाशे, असं वेडंवाकडं, वायफायवरचा फोन झोपेतून उठून उत्तर देतो तसं. मी बाबांच्या फोनमध्ये वायफायच्या सेटिंगमध्ये जाऊन पत्ता बघितला. १९२.१६८.१.२.

अंगावर काटा आला खरंच. दोन महिने बाबा बरोबर सांगत होते.

झालं काय होतं ते आता नीट सांगतो कारण हीच चूक खूप जण करतात आणि ती पटकन दिसत नाही. मी वरच्या राऊटरला .२ (म्हणजे १९२.१६८.१.२, पुढेही फक्त शेवटचा आकडा लिहितो) हा पत्ता हाताने दिला, पण खालच्या राऊटरची वाटपाची यादी .२ पासून .२५४ पर्यंत होती आणि ती मी तशीच ठेवली. म्हणजे एकच पत्ता मी एकाला कायमचा देऊन टाकला आणि तोच वाटपाच्या गठ्ठ्यातही राहू दिला. एरवी हे लपून राहतं, कारण बरेच राऊटर पत्ता द्यायच्या आधी कुणी तिथे आहे का अशी हाक मारून बघतात आणि वरचा राऊटर जागा असला की ओ देतो, मग खालचा .२ सोडून .३ देतो. पण लाईट गेली की आमच्या खालच्या राऊटरची वाटपाची वहीच पुसली जाते. लाईट आली की तो साधारण मिनिटभरात उभा राहतो, वरचा जुना राऊटर त्यापेक्षा बराच उशिरा. त्या मधल्या वेळात पहिला गिऱ्हाईक कोण, तर हॉलमध्येच बसलेले बाबा, त्यांचा फोन बॅटरीवर चालूच असतो. खालचा राऊटर हाक मारतो, .२ वर कुणी आहे का, कुणी नाही, मग हा घ्या बाबा. आणि मग वरचा राऊटर उठतो आणि म्हणतो मी .२. तो स्वस्तातला जुना डबा, आपला पत्ता दुसऱ्या कुणाकडे आहे का हे तो तपासतच नाही.

आणि फक्त बाबांनाच त्रास का, तर वरच्या राऊटरवरून जाणारं बायकोचं ट्रॅफिक त्याच्या स्वतःच्या पत्त्यावर अवलंबूनच नसतं, डीएचसीपी बंद करून लॅन पोर्टला जोडला की तो नुसता वायफाय असलेला स्विच होतो, माल इकडून तिकडे ढकलतो. त्याचा पत्ता लागतो फक्त त्याचं सेटिंगचं पान उघडायला. बाबांच्या फोनला मात्र बाहेरून येणारं सगळं त्याच पत्त्यावर यायचं असतं. खालचा राऊटर एआरपी नावाच्या पद्धतीने विचारतो की .२ कोण, आणि जो शेवटी बोलला त्याचा मॅक ॲड्रेस, म्हणजे त्या वस्तूचा स्वतःचा ओळख नंबर, लक्षात ठेवतो. कधी बाबांचा फोन, कधी वरचा राऊटर. आत्याचा आवाज अर्धा बाबांकडे आणि अर्धा वर मागच्या खोलीतल्या डब्याकडे, जो त्याचं काहीच करत नाही. मेसेज जातो पण येत नाही, हे बाबांचं म्हणणं शब्दशः खरं होतं. बँकेच्या दिवशी ते टोकन टीव्हीला मिळालं होतं, इतकंच.

तुम्हाला तपासायचं असेल तर विंडोजमध्ये कमांडची काळी खिडकी उघडून संशयित पत्त्याला पिंग करा, मग एआरपी असं लिहून एक स्पेस आणि डॅश ए, एंटर मारा. यादी येते, प्रत्येक पत्त्यासमोर सहा जोड्यांचा मॅक ॲड्रेस. राऊटरचा मॅक त्याच्या पोटाखालच्या स्टिकरवर छापलेला असतो, लॅनचा आणि वायफायचा एखाददुसऱ्या आकड्याने वेगळा असू शकतो पण पहिल्या तीन जोड्या बहुतेक जुळतात. त्या पूर्ण वेगळ्या दिसल्या तर त्या पत्त्यावर दुसरंच कुणीतरी बसलंय.

उपाय पाच मिनिटांचा होता. खालच्या राऊटरमध्ये जाऊन वाटपाची यादी .१०० ते .१९९ केली. शंभर पत्ते, आमच्या घरात बल्ब-बिल्ब धरून तेवीस वस्तू आहेत, भरपूर झाले. .२ ते .१९ राऊटर आणि स्विचसाठी राखून ठेवले, .२० ते .४९ प्रिंटर, कॅमेरा, असल्या एका जागी बसणाऱ्या गोष्टींसाठी. वाटपातलं वाटपात, ठरलेलं ठरलेल्यात, दोन्हींची गाठ पडता कामा नये. प्रिंटरला मी पूर्वी प्रिंटरच्याच मेनूमधून पत्ता टाकला होता, तो काढला आणि खालच्या राऊटरमध्येच त्याच्या मॅकसमोर पत्ता बांधून टाकला, त्याला रिझर्व्हेशन किंवा बाइंडिंग असं काहीतरी नाव असतं. माझं मत हेच की हाताने पत्ता फक्त दुसऱ्या राऊटरलाच द्यावा, बाकी सगळ्यांचा हिशोब एकाच वहीत ठेवावा, नाहीतर दोन वर्षांनी आपल्यालाच आठवत नाही कुठे काय टाकलं होतं. फोनला असं बांधायला गेलात तर एक बघा, आजकालचे फोन खरा मॅक न दाखवता वायफायच्या नावागणिक बनवलेला दाखवतात, त्यामुळे फोनच्या अबाऊटमधला नंबर नाही तर त्या वायफायच्या सेटिंगमध्ये दिसणारा घ्यायचा.

आणि डीएचसीपी बंद केल्यावर लॅपटॉप १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दाखवेल त्याला घाबरू नका, त्याचा अर्थ इतकाच की पत्ता देणारं कुणी सापडलं नाही म्हणून त्याने स्वतःच एक घेतला. मुख्य राऊटरला केबल जोडली की जातो. तुमच्या दुसऱ्या राऊटरमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड, म्हणजे त्याला नुसतं वायफाय देणारा डबा बनवणारं सेटिंग, असेल तर हे काही करावं लागत नाही, तो मोड निवडला की डीएचसीपी आपोआप बंद होते. माझ्या जुन्यात तो नाही.

यानंतर माझा उत्साह वाढला आणि मी एक फालतू काम केलं, टाइप करायला सोपं म्हणून सगळ्या घराचे पत्ते १०.०.०.१ वाले केले. दुसऱ्या दिवशी सकाळी बायको वरून ओरडली, ऑफिसचा सर्व्हर उघडत नाहीये. बाकी सगळं चालू, व्हीपीएन (घरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये जायचा खासगी रस्ता) जोडलेला, फक्त तो एक सर्व्हर नाही. तिच्या ऑफिसच्या आतले पत्तेही १० वालेच आणि तो सर्व्हर नेमका घराच्याच पट्ट्यात, म्हणजे तिच्या लॅपटॉपला वाटत होतं की हा तर इथेच घरात आहे, व्हीपीएनमधून कशाला जायचं, आणि तो घरातच शोधत बसला होता. साडेनऊच्या मीटिंगआधी सगळं परत १९२.१६८ वर आणलं. कंपन्या १० चा पट्टा खूप वापरतात, घरून काम असेल तर त्या वाटेला जाऊ नका. १९२.१६८ मधला तिसरा आकडा ० आणि १ सोडून काहीतरी मधलाच घेतला, ३७ म्हणा, ७३ म्हणा, तर कुणाशी टक्कर व्हायची शक्यता फार कमी होते.

ताईकडे धायरीला वेगळीच तऱ्हा. ती घरी शिकवण्या घेते, मुलांना अभ्यासासाठी वायफाय द्यायचं पण घरचं सगळं त्यांच्यापासून वेगळं ठेवायचं. म्हणजे तिथे एकच नेटवर्क वाढवायचं नव्हतं, दोन करायची होती. तेव्हा केबल दुसऱ्या राऊटरच्या वॅनमध्ये जाते आणि त्याची डीएचसीपी चालूच ठेवायची असते, आमच्या घराच्या बरोबर उलट. काही जण अर्धं हे आणि अर्धं ते करतात आणि मग काहीच चालत नाही, म्हणून केबल हातात घ्यायच्या आधीच ठरवा की एक नेटवर्क हवंय की दोन. ताईचे दोन्ही राऊटर १९२.१६८.१.१ वाले होते. वॅनला पत्ता मिळाला, १९२.१६८.१.५, दिवा हिरवा, पण नेट नाही, कारण दुसऱ्या राऊटरच्या आतही १९२.१६८.१ आणि बाहेरही १९२.१६८.१, त्याला कळेना की कुठला माल घरात ठेवायचा आणि कुठला बाहेर पाठवायचा. काही राऊटर हे ओळखून आपला पत्ता आपणच बदलतात, हा बदलत नव्हता. मी त्याच्या आतला पट्टा १९२.१६८.५०.१ केला आणि लगेच चालू झालं.

पण मी एक चूक करणार होतो, दुसरा राऊटर मुलांसाठी ठेवणार होतो. रात्री घरी येताना सिंहगड रोडच्या सिग्नलला लक्षात आलं की आतल्या राऊटरवरून बाहेरच्या नेटवर्कमधल्या वस्तूंपर्यंत पोचता येतं, उलट दिशेने मात्र सहसा पोचता येत नाही. म्हणजे मुलं आत असती तर ताईचा प्रिंटर, तिचा लॅपटॉप, सगळं त्यांच्यासमोर उघडं. दुसऱ्या दिवशी जाऊन उलटं केलं, मुलांना नेटवाल्यांच्या राऊटरचं वायफाय आणि ताईचं सगळं सामान आतल्या राऊटरवर. प्रिंटरही आत, कारण तो बाहेर राहिला असता तर तिच्या फोनला आपोआप सापडला नसता.

तिच्या दाराचा कॅमेरा राहिलाय. तो बाहेरगावाहून बघायचा म्हणून कुणीतरी तिला पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून आलेली हाक राऊटरने आतल्या ठरलेल्या वस्तूकडे पाठवायची सोय, करायला सांगितलं होतं, मी नेटवाल्यांच्या राऊटरचा वॅनचा पत्ता बघितला तर तो १०० ने सुरू होत होता आणि पुढचा आकडा ६४ ते १२७ च्या मधला. हा पट्टा २०१२ मध्ये नेट देणाऱ्या कंपन्यांसाठी वेगळा काढला गेला, अनेक गिऱ्हाइकं एकाच बाहेरच्या पत्त्यामागे ठेवायला. असा पत्ता दिसला तर आपल्या राऊटरमध्ये कितीही फॉरवर्डिंग केलं तरी बाहेरून काही आत येणार नाही, तेव्हा त्यात वेळ घालवू नका, कॅमेऱ्याचं स्वतःचं ॲप वापरा किंवा कंपनीकडे स्टॅटिक आयपी, म्हणजे आपला एकट्याचा कायमचा बाहेरचा पत्ता, मागा. ताईला ॲपच लावून देणार आहे या रविवारी.

आमच्याकडे आता दोन्ही राऊटरच्या पोटावर मी मार्करने त्यांचा पत्ता लिहून ठेवलाय आणि बाबांनी त्यांच्या वहीत वाटपाचा तक्ता काढलाय, .२ ते .१९, .२० ते .४९, .१०० ते .१९९, सुवाच्य अक्षरात, प्रत्येक वस्तूपुढे तारीख. गेल्या गुरुवारी दहाला लाईट गेली, दीडला आली. बाबांनी आधी वायफायचं सेटिंग उघडून पत्ता बघितला, .१०० होता, तो वहीत लिहिला आणि मग आत्याला फोन लावला.